तळ्याला सोयर

१

वाडीत लोक भांडायचे तेही कुजबुजत.

नवख्या माणसाला ते बघून हसू यायचं. दोन जावा एकमेकींपुढं हात नाचवतायत, डोळे वटारतायत, माहेरच्या चार पिढ्या उकरून निघतायत, आणि आवाज मात्र पदराच्या सळसळीएवढा. कार्तिकात तळ्यावर पहिला करकोचा उतरला की वाडीला सोयर लागायचं. घरात लेकरू झालं की दहा दिवस पाळतात तेच. फक्त हे तळ्याचं, त्यामुळं शेवटचं पिल्लू उडेस्तोवर चालायचं, पाच-सहा महिने. करकोच्या म्हणजे बाळंतपणाला आलेल्या लेकी, आणि बाळंतिणीच्या उशाशी कुणी मोठ्यानं बोलत नाही. बँड नाही, फटाका नाही, देवळाचा भोंगा नाही. भाजीवाला बालाजी एका हातात दोडका नि दुसऱ्या हातात वांगं उंच धरून गल्लीतून मुकाट फिरायचा. गेल्या माघात ज्योतीचं लग्न झालं तेव्हा वरातीतल्या सगळ्यांनी कानात इअरफोन घालून एकच गाणं लावलं आणि नवरदेवापुढं तासभर नाचले. निम्मी वरात अर्धं कडवं पुढं होती, पण नाचली झकास.

वनखात्यानं तळं राखीव करून बांधावर लोखंडी पाटी रोवली, 'चित्रबलाक व इतर पाणपक्ष्यांचे वीणक्षेत्र, शांतता राखा', त्याला आता सात वर्षं झाली. पाटी वाचून दाखवल्यावर शेजारची म्हातारी अक्कम्मा म्हणाली होती, "बरं झालं, सरकारलाबी कळलं म्हणा."

तेजश्री ह्याच वाडीची लेक. उदगीरच्या शाळेत विज्ञान शिकवायची, सासरही तिथलंच. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती आणि पहिली करकोची एकाच आठवड्यातली, हे तिची आई कोंडाबाई भेटेल त्याला सांगायची. वडील, उमाजी, म्हणजे तिचे अप्पा, तळ्याचे राखणदार. खात्याची खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात काठी, आणि चाल अशी की स्वतःच्या घरातही चवड्यावर.

पाच महिने तेजश्रीनं डिंकाचे लाडू खाल्ले, शेक घेतला, पोरीला कुशीत घेऊन दुपारभर झोपा काढल्या. पोर, रेणुका, गोरीगोमटी नि हसरी. कशालाच दचकायची नाही. सगळी वाडी म्हणायची, लई गुणाचं लेकरू. तेजश्रीला इतकं सुख अंगाला टोचायचं. सगळं नीट चाललंय म्हणजे आपल्या लक्षात काहीतरी येत नाहीये, असा तिचा स्वभाव. परीक्षेत पेपर सोपा गेला की ती घरी येऊन रडायची.

२

लक्षात आलं ते अप्पांच्या शिंकेमुळं.

शिंक काही कुजबुजत देता येत नाही. चैत्रातल्या एका सकाळी उमाजीला अशी दणदणीत शिंक आली की दावणीची शेळी उडाली, कोंडाबाईच्या हातातलं पीठ सांडलं, आणि तेजश्रीच्या मांडीवरची रेणू आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. पापणीसुद्धा हलली नाही.

त्या रात्री तेजश्रीनं मोबाईलवर वाचायला नको ते सगळं वाचलं. चौथ्या महिन्यात बाळ आवाजाकडं मान वळवतं. रेणूला पाचवा सरत आला होता. आणि पाच महिन्यांत ह्या घरात, ह्या गल्लीत, तिच्यापुढं कुणी मोठ्यानं हाकसुद्धा मारली नव्हती. मग कुणाच्या लक्षात येणार? गुणाचं लेकरू! ती न दचकणारी होती की न ऐकणारी, हे अख्ख्या गावानं मिळून तपासायचं राहून गेलं होतं. आणि त्या गावात एक विज्ञानाची मास्तरीणही होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आतली खोली लावून घेतली, खिडकीला दोन गोधड्या टांगल्या आणि रेणूच्या डोक्यामागं वाटीवर चमचा वाजवला. आधी हळू. मग जरा जोरात. रेणू अंगठा चोखत होती.

दार किलकिलं झालं. "काय करायलीस गं?" कोंडाबाई.

"काही न्हाई माय. वाटी बघायले."

"वाटी गोधडीत बघतेत व्हय? बाळंतवारं लागलं का काय तुला?"

सुनीलकुमारला, म्हणजे नवऱ्याला, तिनं फोनवर सांगितलं. तो हसला. त्यांचं घर पिठाच्या गिरणीच्या वर. त्याचं हसणंही गिरणीवरून ऐकू जाईल असं असायचं. "अगं, पाच महिने तुम्ही सगळे तिच्यापुढं नुसतं फुसफुस करायलाव. तिला वाटत असंल, माणसं अशीच असतेत. गिरणीपाशी आण, बघ कशी दचकती."

"आणि नाही दचकली तर?"

तो म्हणाला, "सोमवारी लातूरला कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावतो. रविवारी न्यायला येतो तुम्हाला."

आईला तिनं 'कानाचा डॉक्टर' एवढंच सांगितलं. बहिरी हा शब्द तिनं मनातसुद्धा पूर्ण उच्चारला नव्हता.

३

मंगळवारी दुपारी ती रेणूला घेऊन बांधावर गेली. रोजच जायची. अप्पांच्या चौकीपुढं पत्र्याची सावली होती, तिथं बसलं की पुढं सगळं तळं. पाण्यात कमरेएवढ्या बुडालेल्या बाभळी आणि बाभळीवर घरट्यांची वस्ती. चाळीत राहतात तशी पाखरं राहायची: वरच्या मजल्यावर करकोचे, मधल्यावर बगळे, खाली पाणकावळे, आणि सगळ्यांची पोरं एकदम भुकेली. मोठे करकोचे बिचारे मुके, फार तर चोच वाजवतील. पण पिल्लांचा कालवा असा की वाडीनं पाळलेली सगळी शांतता ती एका दिवसात खर्च करायची. मासळीचा वास, विष्ठेचा वास, ऊन. तेजश्रीला हा वास जगात सगळ्यात जास्त आवडायचा, पण सासरी ती हे सांगत नसे.

आणि एकाएकी कालवा थांबला.

नळ बंद करावा तसा. एकही पिल्लू नाही. पाण्यावर ऊन नुसतं हलत होतं.

रेणूनं मान वळवली.

उगीच नाही, रेंगाळत नाही. कुणी नाव घेतल्यावर माणूस वळतो तशी. तळ्याच्या पार पलीकडं, ओढा येऊन मिळतो त्या कोपऱ्याकडं तिनं बघितलं आणि बोळकं पसरून हसली. हसताना तिच्या हनुवटीवरून लाळेची तार खाली आली. मग कालवा पुन्हा सुरू झाला, होता तेवढाच.

तेजश्रीनं मोबाईल बघितला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. का बघितला ते तिला कळलं नाही. विज्ञानाच्या मास्तरणीची खोड.

मग ती घराकडं पळाली. पायात चप्पल नव्हती हे तिला अंगणात कळलं.

"माय! वळली! आवाजाकडं वळली!" हे सगळं कुजबुजत, त्यामुळं तिचा श्वासच फार झाला.

कोंडाबाईनं तिला आणि पोरीला एकदमच कवळ्यात घेतलं. तिला काय झालंय ते पुरतं माहीत नव्हतं, पण लेक हसतेय हे पुरे होतं. तिनं लगेच शिऱ्याला रवा भाजायला घेतला. वास घेत अक्कम्मा आली, वाटीभर शिरा खाल्ला, सगळं ऐकलं, आणि बोटं चाटता चाटता विचारलं, "कुणीकडं बघितली?"

"वढ्याकडं, अक्का."

अक्कम्माचं बोट तोंडातच राहिलं. मग ती उठली, चुलीतली चिमूटभर राख घेतली, रेणूच्या कपाळाला लावली आणि वाटी न धुताच घरी गेली. अक्कम्मा वाटी न धुता कधी जात नसे.

४

रात्री आनंद निवला आणि मास्तरीण जागी झाली.

आवाजाकडं वळली. कुठल्या आवाजाकडं? तळं तर गप्प झालं होतं. गप्प होण्याला आवाज नसतो, हे सातवीच्या पोरालाही कळतं. मग तिला काहीतरी दिसलं असेल. ऊन चमकलं असेल. आणि हसली? पाच महिन्यांचं पोर भिंतीकडं बघूनही हसतं. तेजश्रीनं स्वतःलाच शून्य गुण दिले आणि कूस बदलली.

बुधवारी ती अप्पांची दुर्बीण मागून घेऊन बसली. चार वाजून दहा मिनिटांनी कालवा तुटला. रेणूची मान वळली. तेजश्रीनं दुर्बीण बाभळींकडं लावली.

सगळी पिल्लं एकाच बाजूला बघत होती.

करकोच्यांची, बगळ्यांची, पाणकावळ्यांची. कापसासारख्या मळक्या मानांच्या ओळीच्या ओळी, एकही चोच उघडी नाही. वर्गाच्या दारात हेडमास्तर येऊन उभे राहिले की पोरं बसतात तशी. मोठी पाखरं मात्र आपली पंख साफ करत होती, एकानं तर तेवढ्यात जांभई दिली. चौकीच्या खांबाला बांधलेलं आठ दिवसांचं करडू कान टवकारून त्याच बाजूला बघत होतं. त्याची आई शेजारी कडबा खात होती.

जे बघत होते ते सगळे कोवळे होते. जाणती होती ती सगळी खाण्यापिण्यात.

आणखी एक गोष्ट तिनं दुर्बीण खाली ठेवल्यावर मनात मांडली. आज त्यांची नजर ओढ्याकडं नव्हती. कालच्यापेक्षा बरीच अलीकडं होती, तिसऱ्या बाभळीच्या आसपास. तिथं नुसतं पाणी होतं.

५

"अप्पा, एक काम करशीला?"

"बोल की बाई."

गुरुवारी त्यांनी वाटणी केली. उमाजी चौकीतून बघणार की पिल्लं कुठं बघतायत. तेजश्री घरातल्या त्या आतल्या खोलीत, दार लावून, खिडकीला गोधड्या टांगून, रेणूला जमिनीवर निजवून बसणार. रेणूला बाहेरचं काही दिसता कामा नये. चमकणारं ऊन नाही, पाणी नाही. शाळेत ती हेच शिकवायची: एका वेळी एकच गोष्ट बदला.

उमाजीला मजा वाटली. "ह्या वयात मला प्रयोगाला लावायलीस," असं म्हणून त्यानं टोपी नीट केली. खात्याच्या साहेबानंही त्याला इतकं महत्त्वाचं काम कधी दिलं नव्हतं.

घर तळ्यापासून दोन शेतं अलीकडं. खोलीतसुद्धा पिल्लांचा कालवा भिंतीपलीकडच्या पावसासारखा यायचा. चारला दहा मिनिटं झाली आणि तो थांबला. अंधारात रेणूनं मान वळवली. भिंतीकडं. तेजश्रीनं हातातल्या खडूनं शहाबादी फरशीवर तिच्या नाकासमोरून एक रेघ ओढली. रेघ सरळ आली ह्याचं तिला बरं वाटलं.

म्हणजे ऐकू येतं. दिसत नाही, ऐकूच येतं! तिनं पोरीचे गाल, पोट, तळवे, सगळ्याचे मुके घेतले. आपण जगातली एकमेव आई असू, तिला वाटलं, की जिच्या अंगावर काटाही आलाय आणि जिला नाचावंसंही वाटतंय.

संध्याकाळी वहीच्या पाठीमागं तळ्याचा नकाशा काढून तिनं फरशीवरची रेघ आणि अप्पांनी पिल्लांच्या नजरेवरून सांगितलेली रेघ जुळवली. त्या तळ्याच्या मधोमध मिळाल्या.

"उद्या बांधावर यायला पाहिजे मग," उमाजी हसत म्हणाला. "पाहुणा हिशेबानं चालायलाय."

शुक्रवारी उमाजी रोजच्यापेक्षा लवकर, साडेचारलाच घरी आला. पायातले जोडे न काढता ओट्यावर बसला. कोंडाबाईनं पाणी दिलं ते धरून बसला.

"कुठं बघायली होती, अप्पा?"

"माझ्याकडं."

"म्हणजे चौकीकडं?"

"म्हणजे माझ्याकडं, बाई. दुर्बीण लावली तर सगळ्यांचे डोळे माझ्या डोळ्यात." त्यानं तांब्या खाली ठेवला. "आधी मला बी तसंच वाटलं. मग बघितलं तर जरा वर बघायली होती. माझ्या मागं, वर."

"मागं काय होतं?"

"मी कशाला बघू मागं?" उमाजी म्हणाला. आधी मेंढरं राखत आणि मग खात्याची टोपी घालून चाळीस वर्षं तळ्यावर काढलेला माणूस. कुजबुजण्याची सवय असल्यामुळं आवाजावरून काही कळलं नाही.

६

शनिवारी कोणी बांधावर गेलं नाही. पुढच्या खोलीत दाराला कडी घालून तिघी बसल्या: कोंडाबाई, तेजश्री, आणि दोघींच्या मधे दुपट्यावर रेणू. कोंडाबाईनं गवार मोडायला घेतली होती. तिला सगळं खोटं वाटत होतं, म्हणून ती गवार फार बारीक मोडत होती.

"मनाला लई लावून घेती तू," ती म्हणाली. "ल्हानपणी तुझा दात पडला तर तू म्हणलीस, आता सगळे पडतेत."

"सगळे पडलेच की माय."

"आन् आले बी की सगळे!"

दोघी हसल्या, पदर तोंडाला लावून. तेवढ्यात बाहेरचा कालवा थांबला.

रेणूनं दाराकडं बघितलं.

दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीतून उन्हाची पट्टी आत फरशीवर पडली होती, उंबऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती डावीकडून विझत गेली. ढग आल्यावर ऊन एकदम मलूल होतं, तसं नाही. काहीतरी सावकाश दारावरून सरकलं आणि सगळी पट्टी पुसून थांबलं. चैत्रात ढग कुठला?

"कोण हाय?" कोंडाबाईनं विचारलं. कुजबुजत. दारापलीकडच्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

रेणू हात पाय नाचवत होती. मामा आला की पोरं करतात तसं.

मग पट्टी परत उगवली, डावीकडूनच, आणि तळ्यावर पिल्लं भूक भूक करून ओरडायला लागली. कोंडाबाईच्या मांडीवरची गवार सगळी सांडली होती. दोघींनी ती वेचली.

"उद्या जावई येतेत," शेवटी कोंडाबाई म्हणाली. "जा तू उदगीरला. गिरणीच्या घरात बरं."

७

रविवारी सुनीलकुमार पाचच्या बसनं येणार होता. अप्पांचं म्हणणं, घरातच बसा. आईचं म्हणणं, देवळात बसा. तेजश्रीनं दोन्हींचा विचार केला. घराला दार आहे आणि दाराला फट आहे. देवळाला तर दारच नाही. दाराआड बसून पट्टी कधी विझते त्याची वाट बघणं तिला जमणार नव्हतं. त्यापेक्षा बांध बरा. सपाट मुरूम, वर आभाळ, चारी बाजूंना अर्धा अर्धा मैल मोकळं. येणारं दिसल्याशिवाय येऊ शकणार नाही. हे तिला फार शहाणपणाचं वाटलं. शिवाय उद्या डॉक्टर विचारतील, आवाजाकडं वळते का? हो डॉक्टर, पण आम्हाला ऐकू येत नाही त्या आवाजाकडं. असं सांगणाऱ्या बाईचं तिनं स्वतःच ऐकून घेतलं नसतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. चौकीची सावली सोडून, उघड्या बांधाच्या मधोमध ती रेणूला मांडीवर घेऊन बसली. रेणूचं तोंड तिच्याकडं. पदराचा आडोसा पोरीच्या डोक्यावर. अप्पा दूर सांडव्यापाशी कुंपण बांधत होते. तळं रंगात आलं होतं. पहिल्या विणीची पोरं पंख झाडत फांदीवरून फांदीवर पडत होती, सावरत होती, एक तर आपटलंच पाण्यावर आणि असं काही ऐटीत बसलं की जणू तिथंच यायचं होतं. तेजश्री हसली. भीतीनं हसू जास्त येतं, हे तिला ठाऊक होतं.

कालवा थांबला.

तिनं चारी बाजूंना बघितलं. मुरूम, पाणी, आभाळाचा काठ. काही नाही. मग रेणूकडं बघितलं. रेणू तिच्या खांद्यावरून मागं बघत होती. मागं, आणि वर. आणखी वर. तिची हनुवटी उचलत गेली.

आणि सावली आली.

आधी पाठीवर गार लागलं. मग पदरावर, मग रेणूच्या तोंडावर, मग पुढच्या मुरुमावर. मासळीचा, ओल्या चिखलाचा नि उबदार पिसांचा वास. तेजश्रीच्या मानेवर एक थेंब पडला. वर बघू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं खाली बघितलं. सावलीचा काठ तिच्या पायापासून वीस पावलांवर होता आणि तो ढगासारखा गोल नव्हता. लांब, सुटीसुटी टोकं होती त्याला, एकाशेजारी एक, जरा जरा थरथरणारी. भर उन्हात करकोची घरट्यावर पंख धरून उभी राहते, पिल्लांना ऊन लागू नये म्हणून. तिचा पंख असाच थरथरतो. ह्या पंखाचं एक टोक चौकीवर होतं. दुसरं तिला दिसत नव्हतं.

रेणूनं दोन्ही हात वर केले. घे, म्हणून.

तेजश्रीच्या छातीतून जे निघालं ते तिनं ठरवलं नव्हतं. पाच महिने साठलेला आवाज होता तो, आणि धनगराच्या घरातला होता. तीन शेतांपलीकडची मेंढरं वळवणारा.

"रेणेऽऽऽ!"

तळ्यावरचे सगळे करकोचे, बगळे, पाणकावळे एकदम उठले. पंखांचा नुसता गडगडाट झाला. सांडव्यापाशी अप्पांच्या हातातलं कुंपण सुटलं. आणि तिच्या मांडीवर रेणू दचकली. हात वरचे वर ताठ झाले, मुठी वळल्या, पापण्या फडफडल्या.

सावली हलली नाही.

"रेणे! माझ्याकडं बघ! माझ्याकडं!"

रेणूची नजर वरून सुटली, खांद्यापाशी अडखळली, आणि आईच्या तोंडावर आली. आईचं हे तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं, एवढं उघडं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. आणि ती रडली. रोजचं कुरकुरणं नव्हे. गळा फाडून, सगळ्या तळ्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन आपटेल असं.

तेव्हा कुठं सावलीनं टोकं मिटली. एकेक करून, सावकाश, काम झाल्यासारखी. रेणूच्या भिजलेल्या तोंडावर ऊन पडलं.

तेजश्रीनं वर बघितलं. वर आभाळ होतं, आणि त्यात तिच्या आवाजानं उठलेली हजार पाखरं घिरट्या घालत होती.

८

सगळी वाडी बांधावर पळत आली, आणि एवढ्या गडबडीतही सवयीनं चवड्यावर. उमाजी पुढं. त्यानं आधी बाभळींकडं बघितलं. मोठी पाखरं अशी उधळली की पिल्लं घरट्यातून खाली पडतात. त्याच भीतीनं तर गाव मुकं राहायचं. एकही पडलं नव्हतं. सगळी जागच्या जागी बसून आभाळाकडं बघत होती.

मग त्यानं नातीकडं बघितलं. "दचकली का?"

"दचकली, अप्पा! आन् माझ्याकडं वळली. माझ्याकडं!"

उमाजीनं टोपी काढून त्यात तोंड पुसलं. मागून कोंडाबाई धापा टाकत आली, काय झालंय ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं रस्त्यावरूनच, पोटापासून, बांध हादरेल अशी आरोळी ठोकली. "रेणेऽऽ! माझे मायऽऽ!"

रडता रडता रेणूनं मान फिरवली. आजीकडं.

सोयर मोडलं होतं. असं कधी झालं नव्हतं, मोडल्यावर काय करायचं हेही कुणाला माहीत नव्हतं. सगळ्यांनी अक्कम्माकडं बघितलं. अक्कम्मा पुढं आली, रेणूच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि तिच्या वयाला न शोभणाऱ्या आवाजात ओरडली, "रेणव्वाऽऽ!"

रेणू वळली.

मग काय! बालाजी ओरडला, दोडक्याचा भाव सांगावा तसा. ज्योती ओरडली. ज्योतीच्या नव्या नवऱ्याचा आवाज सासुरवाडीत कुणी ऐकलाच नव्हता, तो भलताच बारीक निघाला आणि सगळे हसले. पाच महिन्यांनी माणसं एकमेकांचे आवाज ऐकत होती, ओळखत होती, थट्टा करत होती. मधे उभी तेजश्री, कडेवर रेणू, आणि रेणूची मान इकडून तिकडं, तिकडून इकडं. रडणं केव्हाच थांबलं होतं. आता ती प्रत्येक हाकेला हसत होती. तेजश्री हसत होती आणि रडत होती, आणि ह्या खेपेला आपलं काय चुकतंय हे शोधायचं तिला सुचलं नाही.

त्या गोंधळातच सुनीलकुमार पिशवी छातीशी धरून पळत आला. घामानं चिंब, तोंड पांढरं. "काय झालं? काय झालं पोरीला? सगळं गाव तिचं नाव घेऊन बोंबलायलंय!"

"ऐकू येतंय तिला!" तेजश्री ओरडली. नवऱ्यावर ती जन्मात पहिल्यांदाच ओरडली होती. "तुम्ही हाक मारा!"

त्यानं हाक मारली. पोर वळली. तो तिथंच मुरुमावर मटकन बसला आणि गिरणीसारखा हसला.

"लवकर कसे आलाव?" जरा वेळानं तिनं विचारलं.

"आधीची बस मिळाली. चारलाच उतरलो." त्यानं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. "उतरल्यापासून हाका ऐकायलोय, म्हणून तर जीव घेऊन पळालो. ती पाण्याकडून कोण बाई बोलवायली होती?"

"पाण्याकडून?"

"तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून. एकटीच. मला वाटलं, कुणी लेकराला शोधायलंय. मग तुमचा दंगा सुरू झाला."

"रेणूला बोलवत होती?"

सुनीलकुमारनं आठवून बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "रेणू न्हाई. तेजू म्हणायली होती. तेजू, तेजू, असं. लई दिवसापासून बोलवावं आणि समोरच्याला ऐकूच जाऊ नये, तसं."

बांधावरचा दंगा चालूच होता. तळ्यावर पाखरं एकेक करून खाली उतरत होती, घरट्यात शिरत होती. रेणूनं आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली होती.

कुणी नाव घेतल्यावर माणूस वळतो तशी तेजश्रीनं मान वळवली. पाण्याकडं.